मार्चचे बोंबील

पाली, उत्तन
४ डिसेंबर २०२४

मावशी,

फोन तू उचलत नाहीस. मी बोलून पाठवलेलं ॲलिशा तुला ऐकवायला लागली, की तू म्हणे कोंबड्यांना दाणे टाकायला उठतेस. पापडीला ॲलिशाच्या सासरी कोंबड्या आहेत तरी किती, की त्यांना दिवसातून सहा वेळा खायला लागतं? म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. प्रार्थनेचं पुस्तक तू चष्म्याशिवाय वाचतेस, तेव्हा वाचता येत नाही हे कारण तुझ्या लेकीला, ॲलिशाला सांग, मला नको. डॅरेन मासळीचे खोके घेऊन रो-रो बोटीने वसईला येतोच, तो हे हातात देईल. माझा भाऊ म्हणून त्याच्यावर राग काढू नकोस. त्याला बिचाऱ्याला बर्फ आणि क्रिकेट सोडून कशातलं काही ठाऊक नसतं.

तू गेल्याला सहा दिवस झाले. वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत लटकवायला मम्मीने दोन बायका घेतल्यात. त्या एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात असा अडकवतात, की जरा वारा सुटला की जोडी खाली वाळूत. मम्मी बाजारातून येते, खाली पडलेले उचलते आणि तुझं नाव घेते. माझ्याकडे बघत नाही.

त्या दिवसाबद्दल लिहायचंय, म्हणून इकडचं तिकडचं लिहितेय हे तू ओळखलं असशील.

माझी पीएचडी आपल्या माळ्यावरच्या तीन टोपल्यांवर उभी होती. मार्चमध्ये वाळवलेले बोंबील गावच्या पद्धतीने ठेवले तर किती महिने टिकतात, एवढंच बघायचं होतं. दर पंधरा दिवसांनी मी त्यातले वीस उचलून काशीमीऱ्याला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये नेत होते. नोव्हेंबर आला तरी बोंबील ठणठणीत. माझ्या गाइड नीलिमा मॅडम खूश, सगळे खूश. म्हणून तर तपासणी समिती गावात आली.

रत्नागिरीहून बोलावलेल्या तज्ज्ञ सरांनी तिसऱ्या टोपलीतला एक उचलला, मोडला, नाकाला लावला आणि शांतपणे म्हणाले, "हे मार्चचे बोंबील नाहीत. दिवाळीच्या आसपासचे आहेत." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. हसत हसत सांगून टाकलंस, "मीच बदलले ना. खराब झालेले कशाला ठेवाचे घरान? मोठी मानसं येनार होती."

तुला वाटलं शाबासकी मिळेल. आणि मी म्हणाले, "मॅडम, ती अडाणी आहे, तिला काही कळत नाही. मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

तू माझ्याकडे पाहिलंस, ट्रे खाली ठेवलास आणि आत गेलीस. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा तुझी पिशवी खुंटीवर नव्हती.

तो शब्द घाबरून तोंडातून गेला. मी पाच वर्षांची असल्यापासून तू मला वाढवलंस, मम्मी बाजारात असायची तेव्हा माझी वेणी, माझा डबा, माझा ताप सगळं तू बघितलंस. तुला मी असं बोलायला नको होतं. माफ कर.

आता युनिव्हर्सिटीने लेखी खुलासा मागितलाय, १० जानेवारीपर्यंत. मुद्दाम फसवलं असं ठरलं तर माझं नाव काढून टाकतील, चार वर्षं पाण्यात जातील. घरच्या माणसाने न विचारता केलं, मला कळलं नाही, असं ठरलं तर फक्त ते प्रकरण पुन्हा लिहायचं. माझ्या शेजारच्या टेबलावर अभिनव बसतो, दुधावर काम करणारा, तो म्हणाला, "अरे यार, लिख डाल ना, मावशीने केलं म्हणून. तिला कोण विचारायला येणारेय?"

तू रागाव, पण तिथून नको. इथे येऊन रागाव.

टॅनिया


पाली, उत्तन
१५ डिसेंबर २०२४

मावशी,

डॅरेन म्हणाला, तू पत्र घेतलंस, पुस्तकाखाली ठेवलंस आणि एवढंच बोललीस, "माझा पत्र्याचा डबा दे पाठवून." म्हणजे वाचलंस की नाही ते काही कळेना. डबा सोबत पाठवतेय. आत अजून दीड-दोन किलो बोंबील आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही.

ॲलिशाला सातवा लागला हे डॅरेनकडूनच कळलं. तुला तिथे राहायला चांगलं निमित्त मिळालं म्हणायचं. ॲलिशा, तू हे वाचत असशील तर पाय वर करून बस आणि आईला ओझं उचलू देऊ नकोस, तिला उचलायची हौस फार.

परवा बसने जाताना मोरव्याच्या वळणावर तुझी आठवण आली. तुला युनिव्हर्सिटीत घेऊन गेले होते तो दिवस. तू नवं लुगडं नेसून, बोंबलांची टोपली मांडीवर घेऊन बसलीस आणि राई गाव येईपर्यंत पुढच्या बाकावरच्या बाईने तीनदा नाक दाबलं. तू तिला विचारलंस, सर्दी हाय काय. मी खिडकीबाहेर बघत होते, पण हसू आवरत नव्हतं.

गेटवर वॉचमनने अडवलं, टोपली आत नेता येणार नाही म्हणाला. त्याचंही खरं होतं. आमच्या कँटीनमध्ये अंडंसुद्धा मिळत नाही, आणि माझे नमुने यायला लागल्यापासून वरच्या मजल्यावरच्या एमबीएवाल्यांनी वासाच्या दोन तक्रारी दिल्या होत्या. नीलिमा मॅडम स्वतः खाली आल्या, तुझ्या हातातली टोपली त्यांनी घेतली आणि लिफ्टमध्ये शिरल्या. आत उभे असलेले चौघे बाहेर आले. मग तू बीएस्सीच्या साठ मुलांना जबड्यात जबडा कसा अडकवायचा ते दाखवलंस. ज्याला जमलं नाही त्याला म्हणालीस, आधी तुजे दात दाखव. ती पोरं अजून विचारतात, वो आँटी फिर कब आएगी. मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला, आणि तो मी तुला एका शब्दाने सांगितला नाही.

पुढे जुलैत ॲडमिशन सुरू झाली तेव्हा त्यांनी तुझा फोटो मोठा करून गेटवर लावला. तू वलांडीखाली उभी आणि शेजारी मी पांढरा कोट घालून. खाली लिहिलंय, परंपरेला विज्ञानाची साथ. तो अजून तिथेच आहे. मी रोज त्याच्याखालून मान खाली घालून आत जाते.

एक गोष्ट मी तुला कधी नीट सांगितली नाही. त्या टोपल्यांतले बोंबील खराब व्हायला हवे होते. कधी लाल पडतात, कधी बुरशी धरतात, कधी किडा लागतो, तेच मोजायचं होतं. ते कुजले असते तरी माझं काम झालं असतं. मी तुला फक्त एवढं म्हणाले, टोपलीला हात लावू नको. का, ते सांगितलं नाही. तुला वाटलं, पोरीच्या परीक्षेचा माल आहे, कुणी उघडून बघितला आणि आत लाल निघाला तर पोर नापास होईल आणि मार्सेलिनच्या घरात कुजकं ठेवतात असं तुझं नाव चार लोकांत होईल. उत्तनमधली कुठलीही बाई हेच करेल. मी केलं असतं. जूनमध्ये सगळीकडे ओल आली तेव्हा

ते राहू दे. पुढच्या वेळी लिहीन.

नाताळला ये. ॲलिशाला घेऊन गाडीने ये, डॅरेन न्यायला येईल.

टॅनिया


पाली, उत्तन
२६ डिसेंबर २०२४

मावशी,

तू आली नाहीस. सकाळच्या मिस्साला आपल्या बाकावर तुझी जागा आम्ही रिकामी ठेवली होती. तिथे पाहुणे म्हणून आलेलं एक जाडजूड कुटुंब येऊन बसलं आणि मम्मीला सरकत सरकत खांबाला टेकावं लागलं. नेवऱ्या मम्मीने केल्या. सारण चांगलं, पण पारी अशी, की डॅरेनने एक खिडकीच्या कठड्यावर आपटून दाखवली. मम्मी हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसू लागली. मीही डोळे पुसत तिच्यामागे गेले, तर मला म्हणाली, "तिला तू बोललीस, आता रडतेस कशाला?"

मम्मीला पूर्ण माहीत नाही. तुलाही नाही, असं मी धरून चालले होते. आता लिहितेच.

२४ जूनला, सांजावच्या सणाच्या दिवशी, लॅबमधली वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. चपला बाहेर काढल्या आणि माळ्याच्या जिन्यावर चढले. वरच्या पायरीवरून तू दिसलीस. तिसरी टोपली मांडीवर, शेजारी तुझा पत्र्याचा डबा उघडा. तू एकेक बोंबील उजेडात धरून बघत होतीस. लाल पडलेला बाजूला टाकायचीस आणि त्याच्या शेपटीला मी बांधलेली आकड्याची चिठ्ठी सोडून डब्यातल्या चांगल्या बोंबलाला बांधायचीस. ओठ हलत होते. माझे आकडे चुकू नयेत म्हणून तू मोजत होतीस.

आल्या पावली खाली उतरले, चपला घातल्या, चौकात जाऊन अर्धा तास उभी राहिले आणि मग आवाज करत परत आले.

तेव्हाच सांगितलं असतं तर तीन महिन्यांचं काम फुकट गेलं असतं, एवढंच. पण त्याच आठवड्यात मॅडमनी आधीचे आकडे बघून मला स्वतःच्या केबिनमध्ये बसवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, टॅनिया, हे फार मोठं आहे, गावच्या साठवणीला आपण इतकी वर्षं उगाच कमी लेखलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी अशा बोलल्या. आमच्याकडे कसं असतं तुला सांगितलंय मी. सगळे शहरातल्या मोठ्या कॉलेजांतून आलेले, इंग्रजी फाडफाड, आणि मी बोलायला लागले की कुणीतरी विचारणारच, उत्तन म्हणजे नेमकं कुठे. त्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. ते मला हवं होतं, मावशी. ते सोडवेना.

म्हणून मी कानाडोळा केला. जुलैत तुझा फोटो लागला तेव्हा केला. ऑगस्टमध्ये कोचीच्या परिषदेत पेपर वाचून आले, बक्षीस मिळालं, ते प्रमाणपत्र तू आल्टरपुढे ठेवून त्याची पापी घेतलीस, तेव्हाही केला. प्रत्येक पंधरा दिवसांनी टोपलीतले वीस उचलताना चिठ्ठीची गाठ बघून मला कळायचं की ही तुझी आहे, माझी नाही. माझी गाठ सुटते, तुझी सुटत नाही. मी कात्रीने कापायचे आणि आकडे लिहायचे.

आणि नोव्हेंबरात सगळ्यांसमोर म्हणाले, मला काहीच माहीत नव्हतं.

अडाणी म्हणाले त्याची माफी मी मागितली, पण खरी माफी याची आहे. तुझ्या डोक्यावर मी माझं खापर फोडलं. मला माझीच लाज वाटते. तू मला कधी मारलं नाहीस, पण यासाठी मारायला हवं.

टॅनिया


पाली, उत्तन
९ जानेवारी २०२५

मावशी,

आज सकाळी ॲलिशाचा फोन आला. तिन्ही पत्रं तू वाचलीस म्हणे. तिसरं दोनदा. मग तिला म्हणालीस, "तिला सांग, मी तवाच बगलेली. जिन्यावर तिची सावली पडलेली ना. मना वाटला, पोर बगून गेली, काय बोलली न्हाय, म्हंजे बरोबर हाय." आणि शेवटी म्हणालीस, "मी कोनाला काय बोलनार न्हाय. तिनं तिची पदवी घ्यावी."

मी बसमध्ये होते, मुर्ध्याजवळ. फोन हातात धरून बसले आणि उतरायचा थांबा गेला.

म्हणजे त्या दिवशी ट्रे हातात घेऊन तू उभी होतीस, आणि मी खोटं बोलतेय हे त्या खोलीत फक्त तुला माहीत होतं. तू एक शब्द बोलली असतीस तर मी तिथेच संपले असते. तू आत गेलीस. मला वाटत होतं तू अपमानाने गेलीस. तू मला वाचवायला गेलीस.

तुझं गप्प राहणं मला नको होतं, आणि आज ते तू पुन्हा देतेयस, ॲलिशाच्या तोंडून.

माझ्यासमोर दोन कागद आहेत. एक अभिनवने मदत करून लिहिलाय, इंग्रजीत, छान. त्यात तू आहेस, घरातली एक वयस्कर व्यक्ती, जिला संशोधनाची कल्पना नव्हती. मी त्यात निर्दोष आहे. अभिनव वाईट नाही, त्याने माझ्यासाठी दोन संध्याकाळी घालवल्या. माझे बोंबील लॅबमध्ये आले की श्वास रोखून धरणारा जैन मुलगा, पण मी आजारी असताना त्याने माझ्या बुरशीच्या काचेच्या बशा तीन दिवस सांभाळल्या. त्याला खरं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू बोललीस तर गेलीस. नाही बोललीस तर कोणालाच कळणार नाही. मैं तो नहीं बोलूँगा."

दुसरा कागद मी काल लिहिला. अर्ध्या पानाचा आहे.

उद्या अकरा वाजता खुलासा घेऊन समितीपुढे बोलावलंय. कुठला कागद नेणार ते मी तुला आज सांगत नाही, कारण मलाच नक्की माहीत नाही. खोटं नाही लिहीत. झोप येत नाहीये. तू असतीस तर मिऱ्याचं गरम पाणी देऊन झोपवलं असतंस.

टॅनिया


पाली, उत्तन
१८ जानेवारी २०२५

मावशी,

चौथ्या मजल्यावरची खोली, एका बाजूला पूर्ण काच, समोर पाच जण. रत्नागिरीचे सर होते, नीलिमा मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. पर्समध्ये दोन्ही कागद होते. मला बसायला सांगितलं आणि एकांनी आधीच्या भेटीचा वृत्तांत वाचायला सुरुवात केली. त्यात होतं, घरातील एका अशिक्षित स्त्रीने अज्ञानातून नमुने बदलले.

ते ऐकलं आणि कागद काढायची गरजच उरली नाही. मी मध्येच म्हणाले, "ते वाक्य चुकीचं आहे. मला जूनपासून माहीत होतं."

मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. सरांनी विचारलं, मग बोलला का नाहीत. मी म्हणाले, आकडे चांगले येत होते.

मग सगळं सांगितलं. जिना, डबा, चिठ्ठ्या, कोचीचं बक्षीस. सरांनी विचारलं, तुमच्या मावशी टोपली किती दिवसांनी निवडायच्या? मी म्हणाले, दोन-तीन दिवसांनी, सगळ्याच बायका निवडतात. ते मान हलवून म्हणाले, "मग गावात बोंबील टिकतात ते टोपलीमुळे नाही, हातांमुळे. हे तुम्हीच आम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही त्या घरच्या आहात." मला वाटलं, आता ते सांभाळून घेतील. त्यांनी घेतलं नाही. सगळ्यात कडक त्यांनीच लिहिलं, आणि ते बरोबर होतं.

काल पत्र आलं. नाव काढलेलं नाही. पण ते प्रकरण रद्द, कोचीचा पेपर मागे घ्यायचा, बक्षीस परत करायचं, आणि मार्चपासून सगळं नव्याने, महिन्यातून दोनदा कुणीतरी येऊन टोपल्या तपासणार. ही शेवटची संधी, असं ठळक अक्षरात लिहिलंय. बीएस्सीच्या मुलांना शिकवणंही काढून घेतलं. ते सगळ्यात जास्त लागलं.

मॅडम लिफ्टपाशी भेटल्या. ओरडतील म्हणून मी तयार होते. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या पेपरवर माझंही नाव होतं, टॅनिया." आणि जिन्याने उतरून गेल्या. त्यांनी ओरडायला हवं होतं.

वृत्तांतातलं वाक्य मी बदलून घेतलं. त्यांनी विचारलं, मग काय लिहायचं? मी सांगितलं, मार्सेलिन ग्रेशियस, चाळीस वर्षं बोंबील वाळवणाऱ्या. त्यांना मी कामाचं कारण समजावून सांगितलं नव्हतं. असंच लिहिलंय आता. सहीच्या आधी मी दोनदा वाचलं.

मम्मीला घरी येऊन सगळं सांगितलं. तिने बोंबलाची चटणी केली आणि माझ्या ताटात भात वाढताना डोक्यावर हात ठेवला. दोन महिन्यांनी ठेवला.

तुला ये म्हणायचं तोंड मला नाही. ॲलिशाचं नीट होऊ दे, तिच्याजवळ राहा. फक्त हे वाच.

टॅनिया


पाली, उत्तन
२१ जुलै २०२५

मावशी,

बाळाचे फोटो ॲलिशा रोज पाठवते. नाक तुझं आहे, बिचारीचं. डॅरेनच्या हाती तू पाठवलेला आंब्याचा मुरंबा संपला, आणि ईस्टरला पाठवलेल्या पिशवीत तळाशी माझी पाचही पत्रं रबर लावून परत आली तेव्हा आधी धस्स झालं. मग बघितलं तर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख होती, तू वाचलीस त्या दिवसाची. एकाच्या मागे तीन तारखा होत्या. त्यांचं काय करायचं ते मला कळलं नाही, म्हणून मम्मीच्या कपाटात ठेवलीत.

आता मुद्द्याचं.

नव्या टोपल्या ११ मार्चला भरल्या. या वेळी मॅडमसुद्धा आल्या होत्या, वलांडीखाली उन्हात उभ्या राहिल्या. मोकळेपणाने बोलत नाहीत अजून, पण आल्या. दोन टोपल्या निवडायच्या, तू निवडायचीस तशा, दर तीन दिवसांनी, आणि काय काढलं ते लिहून ठेवायचं. तिसरीला कुणी हात लावायचा नाही. ही वाटणी रत्नागिरीच्या सरांनी सुचवली. निवडायचं काम मम्मी करते. तिला तुझ्यासारखं जमत नाही, ती चांगलेही काढून टाकते.

जूनपर्यंत तिसरी टोपली बरी होती. आज सकाळी झाकण काढलं तर मधोमध सात-आठ बोंबील लाल. वास वेगळाच. एकावर पांढरी बुरशी. मला आनंद व्हायला हवा होता, याचसाठी तर सगळं चाललंय. मी वही उघडली, वेळ लिहिली, आणि बघते तर माझ्या डाव्या हातात एक लाल बोंबील. कधी उचलला कळलंच नाही. बाजूला टाकायला हात निम्मा गेला होता.

तो परत त्याच्या जागी ठेवला. शेजारच्या चांगल्यांना तो दोन दिवसांत खराब करणार हे माहीत असताना ठेवला. मग खाली येऊन मोरीत हात धुतले आणि तिथेच बसून रडले. मम्मी म्हणाली, अगं बोंबीलच आहेत. तिला काय सांगू?

मी एक दिवस नाही बघू शकले, मावशी. तू ते मार्चपासून बघावंस अशी माझी अपेक्षा होती, चाळीस वर्षांच्या हातांनी, आणि का ते न सांगता.

ती टोपली पूर्ण कुजेपर्यंत मला रोज वर जायचंय, सप्टेंबरपर्यंत. एकटीने होणार नाही, आणि झालं नाही तर या वेळी खरंच सगळं संपेल. म्हणून आता लाज सोडून म्हणतेय, ये. ॲलिशाला आण, बाळाला आण. टोपलीपाशी माझ्या शेजारी बस, वाटेल तेवढ्या शिव्या घाल, आणि माझे हात धरून ठेव.

तुझी,
टॅनिया